‘एपीला येत नाही ते शिकवू नका’ म्हणणाऱ्या मराठी आई-बाबांना

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत राहणाऱ्या, हायस्कूलची मुलं घरात असलेल्या सर्व मराठी पालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत मसालेभात वाढणारी, रविवारच्या मराठी शाळेत बाराखडी घोकून घेणारी ती मीच. सोमवार ते शुक्रवार मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये बारावीच्या, म्हणजे सीनियर मुलांना ‘गव्हर्नमेंट’ शिकवते. मुलं त्याला नुसतं ‘गव्ह’ म्हणतात. कॉलेजच्या पातळीची जी ‘एपी’ परीक्षा मुलं हायस्कूलमध्येच देतात, ती या विषयाचीही असते. हे पत्र त्या दुसऱ्या नोकरीतून लिहिते आहे.

19 सप्टेंबर 2025, शुक्रवार. ती रात्र विसरणं तुम्हाला शक्य नाही. एचवनबी या नोकरीच्या व्हिसामागे एक लाख डॉलर भरावे लागणार, राष्ट्राध्यक्षांनी सही केली आहे, रविवार लागताच अंमल सुरू, एवढंच पहिल्या काही तासांत सगळ्यांना कळलं होतं. कुणाचा नवरा आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेला, कुणाची बहीण निम्म्या प्रवासात. कंपन्यांनी परदेशी गेलेल्यांना ‘मिळेल त्या विमानानं परता’ असे निरोप धाडले. शनिवारी खुलासा आला की रक्कम फक्त नव्या अर्जांना, तीही एकदाच. ज्यांच्याकडे आधीचा व्हिसा आहे त्यांना लागू नाही. तोवर काहींनी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून तिकिटं काढलीही होती.

त्या दीड दिवसात आपल्या ग्रुपवर जे प्रश्न आले ते मी वहीत उतरवून घेतले. शिक्षकाची खोड. ‘असं एकट्याला करता येतं का?’ ‘काँग्रेसमध्ये पास व्हायला नको?’ ‘कोर्टात गेलं तर स्टे मिळतो का, आणि तो सगळ्या देशाला लागू होतो का?’ ‘हा कायदा आहे की नुसता हुकूम?’ ‘पुढचा आला की हे आपोआप जाईल का?’ पाचही प्रश्न माझ्या वर्गात पहिल्या सत्रात शिकवले जातात. तुमच्या घरात सतरा वर्षांचा एक मुलगा किंवा मुलगी पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून बसली होती, तिला यातल्या निदान तीन प्रश्नांची उत्तरं येत होती. कुणी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी सव्वासातला मी शाळेची पायरी चढत होते तेव्हा फोनवर ईमेल आला. मंडळात मला ‘ताई’ म्हणणाऱ्या एका बाईंनी ‘डिअर मिस’ अशी सुरुवात केली होती. मजकूर सभ्य होता. इमिग्रेशनचा विषय सध्या नाजूक आहे, मुलं आधीच ताणाखाली आहेत, वर्गात चालू राजकारण काढू नये, शिवाय ते एपीच्या परीक्षेला येत नाही. नंतरच्या आठवड्यांत त्याच अर्थाचे आणखी काही ईमेल आले. सगळेच आपल्या लोकांचे नव्हते, पण आपल्या लोकांचे बरेच होते. त्या सर्वांना एकत्र उत्तर द्यावं म्हणून हे खुलं पत्र.

आधी परीक्षेचं बोलू, कारण तिथं तुमचं लक्ष आहे. एपी गव्हर्नमेंटच्या लेखी प्रश्नांत पहिलाच प्रकार असा असतो की एक प्रसंग देतात आणि ‘इथे कोणाचा अधिकार, कोण त्याला आळा घालू शकतो’ असं विचारतात. त्या सोमवारी आयुष्यानं आपणहून असा प्रसंग फळ्यावर लिहून ठेवला होता. दुसरं, या विषयात सर्वोच्च न्यायालयाचे काही ठरावीक खटले पाठ असावे लागतात. ती यादी पूर्वी 15ची होती. जून 2022मध्ये न्यायालयानं गर्भपाताच्या हक्काबाबतचा स्वतःचाच 1973चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल उलटवला आणि तो खटला यादीतून गेला. आता 14 उरले. चालू घडामोडींना वर्गाबाहेर बसवायचं म्हटलं तरी त्या अभ्यासक्रमातच घुसतात, मी काय करू?

तर त्या सोमवारी मी काय केलं ते सांगते, म्हणजे मनातली भीती थोडी कमी होईल. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. पहिली: कर लावायचा अधिकार संविधानाच्या पहिल्या कलमानं काँग्रेसला दिला आहे. दुसरी: 1952च्या इमिग्रेशन कायद्यात काँग्रेसनंच राष्ट्राध्यक्षाला परदेशी लोकांचा प्रवेश रोखायचा फार मोठा अधिकार देऊन ठेवला आहे. तिसरी: त्याच तरतुदीवर 2018मध्ये ‘ट्रम्प विरुद्ध हवाई’ खटल्यात न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी राष्ट्राध्यक्षाच्या बाजूनं कौल दिला. आता सांगा, एक लाख डॉलर ही प्रवेशावरची अट म्हणायची की कर? वर्गाचे दोन भाग केले. वीस मिनिटं भांडले. मग मी म्हटलं, ‘बाजू बदला.’

बाजू बदलणं हा माझ्या तासाचा कणा आहे. ज्याचे वडील एचवनबीवर आहेत त्या मुलाला राष्ट्राध्यक्षांची वकिली करावी लागली. ज्याच्या घराबाहेर अजून निवडणुकीची पाटी उभी आहे त्यानं विरुद्ध बाजू मांडली, आणि इतकी चोख मांडली की स्वतःच चपापला. माझं स्वतःचं मत काय, हे त्या वर्षीच्या एकाही मुलाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पैजा मात्र लागतात, हे मला माहीत आहे.

यात माझं कौतुक नाही, कायद्याचीच तशी सक्ती आहे. 2021पासून टेक्ससमध्ये नियम असा: सध्या वादग्रस्त असलेल्या सार्वजनिक प्रश्नावर बोलायची शिक्षकावर सक्ती करता येत नाही, आणि शिक्षक स्वतः बोललाच तर त्यानं तो विषय वस्तुनिष्ठपणे, पक्षीय कल न ठेवता मांडायला हवा. म्हणजे बोलायला बंदी नाही. पण ‘सक्ती नाही’ याचा अर्थ बऱ्याच शिक्षकांनी ‘नकोच ती कटकट’ असा लावून घेतला, आणि तुमच्यासारख्या सज्जन माणसांचा एक ईमेल त्यांना पुरेसा होतो. मला तरुण सहकाऱ्यांची काळजी वाटते. माझी नोकरी जुनी आहे, मी ईमेल वाचून चहा पिते. त्या मात्र पुढच्या आठवड्याचा धडा बदलतात.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते वाचून मला हसूही येतं आणि राहवतही नाही. विद्यार्थ्यानं लोकप्रतिनिधीला थेट पत्र लिहून अमुक करा, तमुक करू नका अशी गळ घातली तर त्याबद्दल मी गुण देऊ शकत नाही. सरकार कसं चालतं हे शिकवायचं, त्या सरकारला पत्र लिहिणं मात्र गृहपाठात नको. म्हणून मीच पत्र लिहायला बसले. मला कोणी गुण देणार नाही, तेव्हा कायदा मोडत नाही.

आता थोडं आपलं, घरातलं.

तुम्ही आणि मी ज्या शाळांत शिकलो तिथे नागरिकशास्त्र हे इतिहासाच्या पुस्तकाच्या पाठीला चिकटवलेलं शेपूट होतं. मी सांगली जिल्ह्यातली. ग्रामसेवकाची कामं, जिल्हा परिषदेची उत्पन्नाची साधनं, ‘टीपा लिहा: विधान परिषद’. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं, जमलं तर ऑप्शनला टाकायचं. गंमत अशी की आमच्या घरासमोर ग्रामपंचायतीची कचेरी होती, आणि पाचवी ते दहावी एकाही बाईंनी आम्हाला रस्ता ओलांडून तिथे नेलं नाही. राजकारण आम्ही शिकलो ते पारावर, एस.टी.त आणि मामाच्या दुकानात. ते शिक्षण उत्तमच होतं. इथे तुमच्या मुलांना पार नाही, एस.टी. नाही, मामा व्हिडिओ कॉलवर आहे. उरतो तो माझा एक तास.

आणि घरी? जेवणाच्या टेबलावर राजकारण निघतं हो, भरपूर निघतं. कोण कुठल्या पक्षात गेला, कोणाचा पुतण्या कोणावर उलटला, चिन्ह कोणाला मिळालं. मुलं मान खाली घालून भात कालवतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही आणि तुम्हाला त्यांच्यातलं काही कळत नाही.

दोन उदाहरणं देते. ऑक्टोबर 2025च्या पहिल्या तारखेला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं कामकाज थांबलं, ते 12 नोव्हेंबरला सुरू झालं. 43 दिवस, तोवरचं सर्वांत लांबलेलं. बिनपगारी हवाई नियंत्रक, शेवटी शेवटी कमी केलेली उड्डाणं, हे आपण डॅलसच्या विमानतळावर पाहिलं. दिवाळीच्या फराळाला एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘मग आता सरकार पडणार का?’ प्रश्न चुकीचा नव्हता. ते ज्या देशात वाढले तिथे पैशाचं विधेयक लोकसभेत हरलं तर सरकार घरी जातं. त्यांच्या पिढीनं 17 एप्रिल 1999ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडताना टीव्हीवर पाहिलं, 269 विरुद्ध 270. इथे राष्ट्राध्यक्ष काँग्रेसच्या विश्वासावर बसलेला नाही, त्यामुळे तो पडत नाही; फक्त तिजोरीला कुलूप लागतं, कारण काँग्रेसनं मंजूर केल्याशिवाय तिच्यातून पैसा काढता येत नाही. आणि सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानाला यायलाच बहुतेक वेळा 60 मतं लागतात.

काकांची सून तिथेच उभी होती, तिला मी म्हटलं, याचं उत्तर बाबासाहेबांनी केव्हाच देऊन ठेवलं आहे. 4 नोव्हेंबर 1948ला घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना आंबेडकरांनी हाच मुद्दा उलगडला: कार्यकारी सत्तेला स्थैर्य हवं आणि तिनं जबाबदारही असायला हवं, दोन्ही सारख्या प्रमाणात साधणं अवघड. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत उलट. तिथे हिशोब रोजच्या रोज, प्रश्नांनी आणि ठरावांनी. इथे काही वर्षांतून एकदा, निवडणुकीत. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस अमेरिकेची पद्धत ओळखून, तोलून, बाजूला ठेवत होता. हे भाषण मी दर वर्षी माझ्या वर्गात आणते. टेक्ससची गोरी, काळी, मेक्सिकन मुलं ते वाचून विचारतात, ‘मिस, हा कोण?’ तुमची मुलं मात्र गप्प बसतात. त्यांना जयंतीला फोटोला हार घालायचा माहीत आहे, भाषण माहीत नाही. ती पुढे येऊन सांगू शकली असती ना, हा आमचा कोण ते.

दुसरं उदाहरण ऐकून मुलं लोळली होती. 2025च्या उन्हाळ्यात टेक्ससमध्ये काँग्रेसचे मतदारसंघ नव्यानं आखायचं निघालं. ही आखणी एरवी दशवार्षिक जनगणनेनंतर होते, हे मध्येच. रिपब्लिकन पक्षाला पाच जागा वाढवून मिळाव्यात हा हेतू त्यांनी लपवलाही नाही. टेक्ससच्या प्रतिनिधिगृहात 150 सदस्य आणि गणपूर्तीला 100 लागतात. डेमोक्रॅट 62. मग त्यांच्यातले पन्नासहून जास्त जण राज्य सोडून गेले, बरेचसे इलिनॉयला, म्हणजे सभाच भरू नये. त्या आठवड्यात एका मुलीनं घरी जेवताना हे सांगितलं तर वडील ताट बाजूला सारून म्हणाले, ‘अगं, हे तर गुवाहाटी!’ आणि पुढचा अर्धा तास त्यांनी तिला सुरत, गुवाहाटी आणि ‘काय झाडी, काय डोंगार’ समजावून सांगितलं. शाळा सुरू झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, दोन्हींत फरक काय ते मी लिहू का?

लिहिलं तिनं. महाराष्ट्रात 2022ला आमदार गेले ते सरकार पाडायला. इथे गेले ते सभा रोखायला. तिथे पक्षांतरबंदीचा कायदा आहे म्हणून दोन-तृतीयांशाचा हिशोब करावा लागतो. इथे तसा कायदाच नाही, स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं तरी कोणी अपात्र ठरत नाही. टेक्ससचे आमदार ऑगस्टमध्ये परतले आणि नकाशा मंजूर झाला. उलट कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटांनी नोव्हेंबरमध्ये लोकांचं मत घेऊन स्वतःच्या फायद्याचा नकाशा आणला. दोन्ही बाजू तेच करतात, हे तिनं अधोरेखित केलं होतं. शेवटी तिनं 2019चा ‘रूचो’ निकाल आणला: पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत फेडरल न्यायालयं पडणार नाहीत. इतका उत्तम निबंध मला त्या सत्रात दुसरा मिळाला नाही. आणि तो सुरू झाला आमटी-भातावर, बाबांच्या ‘हे तर गुवाहाटी’नं. तेव्हा तुमचं भारताचं राजकारण बंद करा असं मी म्हणत नाही. त्याच ताटात इथलंही वाढा.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्या डॅलसच्या सिटी हॉलसमोर 1984मध्ये, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन शहरात भरलं असताना, एका निदर्शकानं अमेरिकेचा झेंडा जाळला. टेक्ससनं त्याला शिक्षा ठोठावली. 1989मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की ही अभिव्यक्ती आहे आणि तिला संरक्षण आहे. त्या पाचांत न्यायमूर्ती स्कॅलिया होते, पक्के पुराणमतवादी; उदारमतवादी म्हणून ओळखले जाणारे स्टीव्हन्स विरोधात. ऑगस्ट 2025मध्ये राष्ट्राध्यक्षांनी झेंडा जाळणाऱ्यांवर खटले भरण्याचा आदेश काढला तेव्हा मी मुलांना विचारलं, आदेश मोठा की 1989चा निकाल? आमच्या शाळेत रोज सकाळी आधी अमेरिकेची, मग टेक्ससची प्रतिज्ञा होते आणि नंतर मिनिटभर शांतता. पालकांनी लेखी दिलं तर मुलाला प्रतिज्ञेतून सूट मिळते. त्या मिनिटभराच्या शांततेत बऱ्याच मुलांच्या डोक्यात काय चाललं असेल, कोण जाणे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येते. मी तिच्याभोवती घुटमळत होते हे तुमच्या लक्षात आलं असेल.

टेक्ससच्या कायद्यानुसार प्रत्येक हायस्कूलचा मुख्याध्यापक हा मतदार नोंदणीचाही अधिकारी असतो. अठरा पूर्ण होत आलेल्या मुलांना वर्षातून निदान दोनदा नोंदणीचे अर्ज शाळेत वाटावे लागतात. सतरा वर्षं दहा महिने झाले की अर्ज करता येतो. आमच्याकडे हे वाटप गव्हच्या तासालाच होतं. मी गठ्ठा पुढच्या बाकावर ठेवते, एकेक घ्या आणि मागे द्या. अर्जाच्या वरच्याच भागात प्रश्न आहे: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? मी दर वर्षी एकच वाक्य, सगळ्या वर्गाला, कोणाकडेही न बघता सांगते: या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुढे काहीही भरू नका, सही करू नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं किती महाग पडतं हे आपल्याला माहीत आहे. त्या एका खुणेनं पुढचं ग्रीन कार्डच नव्हे, इथलं राहणंही जाऊ शकतं.

कोण कुठल्या कागदावर आहे हे मी विचारत नाही, मला विचारायचंही नाही. पण बघितलं की कळतं. कोणी खटाखट भरतं. कोणी पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघतं. गेल्या खेपेला एका मुलानं तो अर्ज चार घड्या करून गणिताच्या वहीत ठेवला. दोन वर्षांचा असताना इथे आला, उच्चार टेक्ससचा, मराठी तुटकी. आईवडिलांच्या ग्रीन कार्डची रांग इतकी लांब की नंबर लागायच्या आत तो एकविसाचा होऊन त्यांच्या अर्जातून गळायची शक्यता. अमेरिकेच्या संविधानाची बाजू मांडणारे ‘फेडरलिस्ट’चे जुने लेख त्याच्याइतके माझ्या वर्गात कोणी वाचले नसतील.

ज्यांच्या घरी असा मुलगा आहे, त्यांचे ईमेल मला समजतात. ‘आमच्या मुलाला यातलं काही नको’ यामागे भीती असते, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मार्च 2025मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका परदेशी विद्यार्थिनीला व्हिसा रद्द करून रस्त्यात ताब्यात घेतलं. आदल्या वर्षी तिनं इतरांबरोबर विद्यापीठाच्या वृत्तपत्रात एक लेख लिहिला होता. कोर्टानं सोडेपर्यंत ती सहा आठवडे कोठडीत होती. हे तुम्ही वाचलं आहे, मीही वाचलं आहे. त्यामुळे तुमच्या मुलानं हातात फलक घेऊन उभं राहावं असं मी कधी सुचवणार नाही. तो निर्णय तुमच्या घराचा.

पण वर्गात काय चालतं ते तरी बघा. संविधान उघडून मी मुलांना एकच काम देते: ‘नागरिक’ शब्द कुठे आहे आणि ‘व्यक्ती’ किंवा ‘लोक’ कुठे आहे, दोन रंगांनी खुणा करा. मताच्या हक्काला नागरिक. पण चौदाव्या दुरुस्तीत कायद्याचं समान संरक्षण कोणत्याही ‘व्यक्ती’ला. 1886मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी धोब्याच्या खटल्यात न्यायालयानं ते परदेशी माणसालाही लागू केलं. 1982मध्ये आपल्याच टेक्ससच्या टायलर गावातला खटला गेला आणि कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून हाकलता येणार नाही असं ठरलं. इथे जन्मलेलं मूल नागरिक, हे 1898पासून वाँग किम आर्कच्या निकालानं पक्कं होतं. जानेवारी 2025च्या आदेशानं तात्पुरत्या व्हिसावरच्या आयांच्या बाळांचा प्रश्न पुन्हा उघडला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. आणि 1923मध्ये भगत सिंग थिंड नावाच्या, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या पंजाबी माणसाला ‘तू गोरा नाहीस’ म्हणून नागरिकत्व नाकारलं गेलं. भारतीयांना तो दरवाजा 1946ला उघडला. घड्या घातलेला अर्ज वहीत ठेवणाऱ्या मुलाला हे सगळं ठाऊक असायला हवं की नको? मला वाटतं वर्गातल्या इतर कोणाहीपेक्षा त्याला जास्त हवं. आणि हाच धडा ‘नाजूक’ म्हणून गाळायची विनंती येते.

ज्यांचं नागरिकत्वाच्या परीक्षेचं चाललं आहे त्यांना तर माझी आयती सोय आहे. 20 ऑक्टोबर 2025पासून अर्ज करणाऱ्यांना 128 प्रश्नांचा संच आहे, त्यातले 20 विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. तुम्ही रात्री ॲपवर तेच घोकता जे तुमची मुलगी सकाळी माझ्याकडे शिकते. एकदा तिला परीक्षक करा. ती तुमची दांडी उडवेल, पण तो आनंद तिला द्या. शिवाय ती अठराच्या आत असेल, तिच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि तुमच्याजवळ राहत असेल, तर तुमची शपथ झाली की तीही आपोआप नागरिक. मग पुढच्या वाटपात तिचा अर्ज वहीत जाणार नाही.

आणि ज्यांच्याकडे नागरिकत्व येऊन दहा वर्षं झाली त्यांचं काय? बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022ला मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेले, त्यांचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पुढे पाठवला. चांगलं केलंत. तुमचा स्वतःचा प्रतिनिधी कोण, असं मी कोजागिरीला विचारलं तर दूध आटवण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. दर गणपतीला महापौर येतात, आरतीचं ताट धरतात, मानपत्र वाचतात, उपरणं घेऊन फोटो काढतात आणि जातात. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी एक प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. मोदक मात्र आग्रहानं देतो.

स्कूल बोर्डावर सात जण असतात, बिनपगारी. तुमच्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचा सर्वांत मोठा वाटा बहुधा त्यांच्या हाताखालून जातो. 1993च्या व्यवस्थेनुसार श्रीमंत भागातल्या शाळांच्या करातला काही पैसा राज्याकडे वळतो, लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात. 2025ला खासगी शाळांच्या फीसाठी एक अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली. या प्रत्येक गोष्टीवर बोर्डाच्या सभेत बोलता येतं, आणि तिथे नागरिकत्वाचा कागद कोणी मागत नाही. आपले लोक मी त्या सभेत एकदाच ओळीनं पाहिले, शाळांच्या हद्दी बदलणार होत्या तेव्हा. घरांच्या किमतीचा प्रश्न होता. सभागृहात जागा पुरली नाही. त्या रात्री काही बाबा इतके मुद्देसूद बोलले की मी चाट पडले. मुलांना आणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गणिताची टेस्ट होती म्हणे.

तर मागणी एवढीच. गव्हचा धडा गाळायला सांगणारा ईमेल लिहायच्या आधी एकदा वर्गात येऊन बसा. मुख्याध्यापकांकडे नोंद करावी लागते, मी करून देईन. बाजू बदलायला मी तुम्हालाही लावेन, तयारीनं या. ते नसेल जमत तर बोर्डाच्या पुढच्या सभेला मुलाला घेऊन या. कार्यक्रमपत्रिका आधी लागते, ती त्यालाच वाचायला सांगा. मी तिसऱ्या रांगेत डावीकडे बसते, थर्मासमध्ये आल्याचा चहा असतो.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
बारावीला सरकार शिकवणारी एक बाई

ता. क. टेक्ससमध्ये नवी मतदार नोंदणी ऑनलाइन होत नाही. अर्ज कागदावर, सहीनिशी, निवडणुकीच्या 30 दिवस आधी काउंटीकडे पोचवायचा. घरी छापलेला असेल तर पाकिटाला तिकीट लावावं लागतं. गेल्या खेपेला माझ्या वर्गातल्या तीन हुशार मुलांना तिकीट पाकिटाच्या कुठल्या कोपऱ्यात लावतात ते माहीत नव्हतं. तेवढं घरी दाखवून ठेवा.